डहाणूचे इराणी बागाईतदार

डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच्या बागा लावणारांत कांहीं परदेशांतून आलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इराणांतील यझ्द-केरमानकडील जरथुष्ट्री कुटुंबें जाच व दारिद्र्य यांना कंटाळून मुंबईस येऊं लागलीं. १८८२ सालीं तिकडे झिझिया रद्द झाला, तरी ओघ थांबला नाहीं. मुंबईंत त्यांनीं चहाचीं दुकानें थाटलीं. कांहीं जण डहाणूकडे वळले. येथले पारशी स्वधर्मी खरे, पण बोली निराळी.

कोणी ताडी-दारूच्या दुकानांत शिरले. तो धंदा सरकारी परवान्याचा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें त्याचें मूळच उपटलें. बागेंतील धोका वेगळा : चिकूचें कलम लावल्यावर भरघोस पीक येईपर्यंत वर्षें लोटतात. तोंवर घर चालवावयाचें कशावर?

आणि जोखीम एकट्या पाहुण्याचीच नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. या मुलखांतील जमीनदारी वारल्यांच्या श्रमांवर पोसली गेली, आणि जमीनदारांत पारशी-इराणीही होते. १९४५ च्या मे महिन्यांत तलासरीजवळील झरी येथें गोदावरी परुळेकरांसमवेत जमलेल्या वारल्यांनीं वेठ नाकारली, तेव्हां कालचा हा निर्वासित त्यांच्या लेखीं नुसता मालक होता.