उत्क्रांतीय संगणनाची जडणघडण

उत्क्रांतीय संगणन ही संगणकशास्त्राची शाखा ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व संगणकाहून बरेच जुने आहे. १८५८ मध्ये चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच जातीच्या जीवांत बारीकसारीक फरक असतात, परिस्थितीला अनुकूल फरक असलेले जीव अधिक प्रमाणात तगतात आणि त्यांची वैशिष्ट्ये संततीत उतरतात. या प्रक्रियेला डार्विनने नैसर्गिक निवड म्हटले. फरक, वारसा आणि निवड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आराखडा आखणारा कोणी नसतानाही रचना परिस्थितीशी जुळत जाते, हा या सिद्धान्ताचा गाभा असून संगणनाने जीवशास्त्राकडून नेमका तोच उचलला.

१९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात शिकणाऱ्या यंत्राची कल्पना मांडताना यंत्राच्या रचनेतील बदलांची तुलना उत्परिवर्तनाशी, म्हणजे आनुवंशिक द्रव्यात होणाऱ्या बदलाशी, आणि प्रयोगकर्त्याच्या पारखीची तुलना नैसर्गिक निवडीशी केली होती. निल्स बारिचेल्ली यांनी १९५३ मध्ये प्रिन्स्टनच्या संगणकावर स्वतःच्या प्रती काढणाऱ्या अंकांचे प्रयोग केले. मात्र या विचाराला शास्त्राचे रूप आले ते १९६० च्या दशकात, आणि तेही एकमेकांपासून दूर असलेल्या गटांच्या स्वतंत्र कामांतून.

त्यांतील बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील प्रयोग विशेष बोलका आहे. इंगो रेखेनबर्ग यांनी १९६४ मध्ये सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडून वातबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याचा झोत सोडलेल्या बोगद्यात, ठेवल्या. प्रत्येक बिजागरी ५१ कोनांत बसवता येत असल्यामुळे एकूण ३४ कोटींहून अधिक आकार संभवत होते आणि ते एकेक करून तपासणे अशक्य होते. म्हणून बिजागऱ्यांचे कोन यदृच्छेने थोडेथोडे बदलायचे, वाऱ्याचा रोध घटला तर नवा आकार ठेवायचा, नाहीतर आधीच्या आकाराकडे परतायचे, एवढाच नियम पाळण्यात आला. नागमोडी दुमडलेली ती रचना अखेर जवळजवळ सपाट झाली, आणि सर्वांत कमी रोधाचा आकार हाच असल्याचे आधीच माहीत असल्यामुळे पद्धतीची कसोटीही लागली. पुढे हान्स-पॉल श्वेफेल यांनी धातूच्या कड्या बदलत द्रव-बाष्प मिश्रणाच्या तोटीचा आकार याच रीतीने शोधला, तेव्हा कोणत्याही अभियंत्याने आखला नसता असा, मध्येच फुगणारा व आवळणारा आकार हाती आला.

अमेरिकेत लॉरेन्स फोगेल यांनी परिस्थितीचा अंदाज बांधणाऱ्या लहान तार्किक यंत्रांची उत्क्रांती घडवली, तर मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड यांनी रोनाल्ड फिशर यांच्या नैसर्गिक निवडीवरील १९३० च्या ग्रंथापासून प्रेरणा घेऊन अनुकूलनाचाच गणिती सिद्धान्त रचला. बर्लिनच्या सुरुवातीच्या प्रयोगात एकाच आकारातील उत्परिवर्तनावर भिस्त होती. हॉलंड यांनी मात्र संपूर्ण समष्टी, म्हणजे अनेक पर्यायांचा समूह, विचारात घेतली आणि दोन जनकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीला, म्हणजे क्रॉसओव्हरला, मध्यवर्ती स्थान दिले. १९७५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांची पद्धत जनुकीय अल्गोरिदम म्हणून रूढ झाली.

१९९० च्या दशकाच्या आरंभी हे प्रवाह उत्क्रांतीय संगणन या एका नावाखाली आले. खर्च कमी हवा आणि मजबुतीही हवी, अशा परस्परविरोधी उद्दिष्टांसाठी त्या वेळी आयआयटी कानपूरमध्ये असलेले कल्याणमय देब व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली एनएसजीए-२ ही पद्धत आज जगभर वापरली जाते.

या इतिहासात एक भेद मात्र विसरता कामा नये. निसर्गातील उत्क्रांतीला पूर्वनियोजित उद्दिष्ट नसते, तर संगणकातील निवडीचा निकष माणूस ठरवतो. त्यामुळे निकष चुकीचा असेल तर उत्क्रांती कितीही काटेकोरपणे घडवली तरी उत्तर चुकीचेच मिळते. म्हणूनच या विषयाच्या विद्यार्थ्याने अल्गोरिदमच्या पायऱ्यांवर न थांबता डार्विन आणि फिशर यांचेही ग्रंथ अभ्यासावेत, कारण निसर्गाकडून काय घेतले आणि काय मागे राहिले, हे त्याशिवाय कळणार नाही.