विरजण लागलं नाही तेव्हा

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका काकूंकडे दही लागेना. विरजण बदललं, भांडं गोधडीत गुंडाळून ठेवलं, तरी दूध पातळच. कुणी म्हणालं, नजर लागली. कारण नंतर कळलं. गाईला दगडी झाली होती आणि सडात अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या होत्या. ते औषध दुधात उतरलं होतं, त्यामुळे विरजणातले जंतू वाढेनात. तेच दूध रोज सकाळी संकलनालाही जात होतं. मी गटाची समन्वयक, पण मलाही हे ठाऊक नव्हतं. मग वाचायला बसले.

जनावराला आजारात औषध देणं वेगळं. पण धडधाकट जनावराला रोज खुराकातून अँटिबायोटिक चारायची रीत निघाली ती अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ली नावाची औषध कंपनी होती. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमवरमला जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डग्गर या सत्तरी ओलांडलेल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या जंतूपासून ऑरिओमायसिन हे औषध काढलं. माणसांचे जीव वाचवणारं औषध ते. ते काढून घेतलं की मागे चोथा उरायचा. सुब्बाराव 1948 च्या ऑगस्टमध्ये वारले. त्याच वर्षाअखेरीस तिथल्या थॉमस ज्यूक्स यांनी तो चोथा कोंबडीच्या पिल्लांना चारून पाहिला. त्यांना खरं तर स्वस्तातलं बी-12 जीवनसत्त्व हवं होतं. पण चोथ्यावरची पिल्लं बाकीच्यांपेक्षा वजनाला जास्त भरली. चोथ्यात राहिलेल्या औषधाचा तो गुण होता. टाकाऊ माल आणि कोंबडी लवकर बाजारात! कोण सोडेल? मीही सोडलं नसतं. 1951 मध्ये तिकडच्या सरकारने ते खाद्यात मिसळायला परवानगी दिली.

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल घेताना सांगितलं होतं, की औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतू मरत नाहीत, सरावतात. खुराकातली चिमूट म्हणजे अपुरी मात्राच की.

त्याचा पुरावा बॉस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी दिला, तोही औषध कंपन्यांच्या संघटनेच्या पैशातून. एका शेतकरी कुटुंबाकडे त्यांनी कोंबड्या ठेवल्या. निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातलं, निम्म्यांच्या नाही. एक-दोन आठवड्यांत औषधवाल्या कोंबड्यांच्या विष्ठेत त्या औषधाला न जुमानणारे जंतू दिसू लागले. काही महिन्यांत ते घरच्या माणसांच्या पोटातही सापडले. 1976 मध्ये हे छापून आलं. अमेरिकेने मात्र पुढे कित्येक वर्षं ऐकलं नाही. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठी औषध चारणं बंद केलं, आणि ती मागणी तिथल्या शेतकऱ्यांचीच होती. युरोपीय संघाने 2006 मध्ये संपूर्ण बंदी घातली.

तोवर हा प्रश्न व्यापारात शिरला होता. 2002 च्या सुमारास आशियातून युरोपात जाणाऱ्या कोळंबीत नायट्रोफ्युरान हे बंदी असलेलं औषध सापडू लागलं. त्यात भारताचीही कोळंबी होती. 2010 मध्ये युरोपने भारतीय मध थांबवला. मधमाश्यांच्या रोगावर पेटीत दिलेलं औषध मधात उतरतं, आणि कुठला मध कुठल्या पेटीतला, याची नोंद आपल्याकडे धड नव्हती. पुढच्या वर्षी मध पुन्हा जाऊ लागला, तो तपासण्या आणि नोंदी वाढवल्यावर.

पण एक गोम आहे. बंदरावर बहुतेक वेळा तपासतात ते मालात उरलेलं औषध. औषध उतरून गेलं, तरी सरावलेला जंतू मांसावर बसून पुढे जाऊ शकतो. 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि दवाखान्यातल्या रुग्णांतही कोलिस्टिनला दाद न देणारे जंतू सापडले. बाकी औषधं हरली की डॉक्टर शेवटी जे काढतात, ते हे कोलिस्टिन. इतर देशांनी शोधलं तर त्यांच्याकडेही निघाले. आपल्याकडे पोल्ट्रीच्या खाद्यातही ते सर्रास होतं. केंद्र सरकारने 2019 च्या जुलैत खाण्याच्या जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणली. जगभरच्या अन्नाचे नियम ठरवणाऱ्या कोडेक्सने 2005 मध्ये आचारसंहिता केली आणि 2021 मध्ये ती सुधारली. औषध डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्या आणि नोंद ठेवा, हा तिचा गाभा आहे.

परदेशी जाणाऱ्या डब्याची तपासणी होते. काकूंच्या पातेल्यातलं दूध कोण तपासणार? उकळून औषध जाईल, या भरवशावरही राहता येत नाही.

आमच्या गटाच्या वहीत आता एक रकाना वाढलाय: गाईला कुठलं औषध, कधी दिलं, आणि दूध कधीपर्यंत वेगळं ठेवायचं. दिवस औषधाच्या वेष्टनावर असतात, नाहीतर गुरांच्या डॉक्टरांना विचारायचे. ते दूध वासरालाही पाजायचं नाही. पहिल्याच महिन्यात वाद झाला. चार दिवस दूध ओतून दिलं, तर हप्ता कशातून भरायचा? दोन बैठका यातच गेल्या. निम्मी भरपाई गटनिधीतून द्यायचं ठरलं. उरलेल्या निम्म्याचं अजून ठरायचंय.