ठराव झाला, पण पाणी?



१४ एप्रिल आला की शाळेत बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतात. मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात, टाळ्या पडतात. पण चांगला नागरिक कसा वागतो, हे त्यातून मुलांना कळतं का? ते कळायला महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगावी लागते.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव मंजूर झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केलं. सगळं कागदावर झालं, पण दलितांना त्या तळ्यावर ओंजळभर पाणी घेता येत नव्हतं. गावाची भीती होती.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले. आधी ते पाणी प्याले, मग बाकीचे. त्यानंतर त्या माणसांना गावात मारहाण झाली. उलट हात उचलू नका, असं बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावलं. जीव वाचवायला काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. विरोधकांनी शेण-गोमूत्र घालून तळं ‘शुद्ध’ केलं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला. पाण्याच्या त्या हक्कासाठी दहा वर्षं लढावं लागलं.

ही गोष्ट सांगून झाली की मुलांना विचारा, ‘ठराव होता, तरी पाणी का मिळत नव्हतं?’ त्यांना बोलू द्या, घाई करू नका. मग विचारा, ‘त्या दिवशी पळत आलेल्या माणसाने आपलं दार वाजवलं असतं, तर तू उघडलं असतंस?’ बाबासाहेबांएवढं मोठं होणं सगळ्यांना जमत नाही, पण दार उघडणं प्रत्येकाच्या हातात असतं. मुलाला हे उमगलं, तर ती गोष्ट त्याची झाली.

आणि एक ध्यानात ठेवा. मुलं गोष्ट ऐकतात, पण आपल्याकडे बघतही असतात. नळावर कुणाची कळशी आपण बाजूला सारतो, बचत गटाच्या बैठकीत कुणाला दाराशी बसवतो, कुणाच्या घरचा चहा नको म्हणतो, हे त्यांना दिसतं. तळ्याची गोष्ट सांगायची, तर आधी नळावरची वागणूक सुधारायला हवी.