जुना तबला-डग्गा घेताना : ओळख आणि किंमत

घरातील मुले तबला शिकू लागली की एखादी चांगली जुनी जोडी मिळते का, याची चौकशी सुरू होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, गोवा येथील जुन्या मराठी घरांत माळ्यावर अशा जोड्या असतात. काही चांगली वाद्ये मोडीत जातात, तर काही किडलेली वाद्ये नव्या पुडीच्या जोरावर भलत्याच किमतीला विकली जातात. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुडी, वादी आणि गट्टे बदलता येतात. वाद्याची खरी किंमत तबल्याच्या लाकडी खोडात आणि डग्ग्याच्या भांड्यात असते.

तबल्याचे खोड

शिसव, खैर, बिबळा अशा जड लाकडाचे खोड उत्तम. आंब्याचे लाकूड हलके असते आणि त्याला कीडही लवकर लागते. वरच्या पॉलिशवरून लाकूड ओळखू नये. तबला उलटा करून बुडाकडची बाजू पाहावी. पांढऱ्या कापडावर तबला हलकेच आपटावा. बारीक भुकटी पडली, तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. वादी बाजूला सरकवून उभ्या चिरा शोधाव्यात. लाख किंवा भुसा-सरस भरून बुजवलेली चीर रंगातील फरकावरून कळते. काठापर्यंत गेलेली चीर असेल, तर ते वाद्य वाजवण्यासाठी घेऊ नये.

तोंडाचे माप दोन आडव्या-उभ्या दिशांनी घ्यावे. दोन्ही मापांत फरक आला तर तोंड गोल राहिलेले नाही, आणि असा तबला सर्व बाजूंनी एका स्वरात लागणे कठीण. सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला साधारणपणे काळी एकच्या आसपास लागतो. तोंड मोठे असेल तर स्वर खाली येतो, लहान असेल तर वर जातो. आपल्याला कोणता स्वर हवा, हे गुरुजींना आधी विचारून ठेवावे.

डग्ग्याचे भांडे

तांब्या-पितळेच्या भांड्याला चुंबक चिकटत नाही. मुलाम्याखाली लोखंड असेल, तर चुंबक घट्ट बसतो. ॲल्युमिनियमलाही चुंबक लागत नाही, पण ते हातात घेताच हलके लागते. जाड पत्र्याचा चांगला डग्गा पुडीसकट तीन किलोंच्या पुढे भरतो. पोटावरचा लहानसा पोचा चालतो. मात्र काठ वाकलेला असेल किंवा भांड्याला डाग देऊन भोक बुजवलेले असेल, तर किंमत कमी करावी.

वय आणि नाव

पुडीवरून वाद्याचे वय ठरत नाही, कारण ती अनेकदा बदललेली असते. हा तबला जहांगीरखाँ, शेख दाऊद किंवा खाप्रुमामा पर्वतकर यांच्या हातचा, असे कोणी सांगितले तर छायाचित्र, पत्र किंवा पावती मागावी. पुरावा नसेल तर नावाचे पैसे देऊ नयेत. भांड्यावर मूळ मालकाचे नाव कोरलेले असल्यास ते घासून काढू नये. वाद्याचा तोच एक लेखी पुरावा असतो.

किंमत कशी ठरवावी

१. आपल्या गावच्या तबला दुरुस्त करणाऱ्याकडून तशाच दर्जाच्या नव्या जोडीची किंमत विचारावी.
२. दोन्ही पुड्या, वादी आणि मजुरी यांचा खर्च त्यातून वजा करावा. उरेल ती चांगल्या खोडाची आणि भांड्याची वरची मर्यादा.
३. चिरा, पोचे, वाकडा काठ यांसाठी आणखी कमी करावे.
४. पुडी खरोखर चांगली असेल तरच तिचे पैसे धरावेत. शाई उडालेली नसावी आणि चाट सर्व बाजूंनी एकसारखी बोलावी.

विकणाऱ्यानेही भांड्याचे वजन करून तांब्या-पितळेच्या मोडीचा भाव आधी माहीत करून घ्यावा. त्याहून कमी किमतीत आजोबांचा डग्गा देऊ नये. वाजवणारे घर मिळाले, तर मोडीच्या भावाहून जास्त पैसे मिळतात आणि वाद्यही वाजते राहते.