निवळीचं बी, संत्र्याची साल
पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की अम्मी घागरीच्या आत निवळीचं बी उगाळायची. सकाळी गाळ तळाशी. पण पाण्यात विरघळलेला रंग निवळीने जात नाही, आणि आमच्या मागवाल्यांच्या गावाला तो रंग चांगलाच ठाऊक.

१९६७मध्ये टोकियोत अकिरा फुजिशिमा या विद्यार्थ्याने पाण्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकला, आणि बुडबुडे आले. पाणी फुटून ऑक्सिजन सुटत होता! गुरू केनिची होंडा यांच्यासह १९७२मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. हीच भुकटी पुढे पाण्यातले रंगही तोडू लागली. मात्र तिला अतिनील किरण हवेत. उन्हात ते जेमतेम पाच टक्के.

२००४मध्ये अमेरिकेत, दक्षिण कॅरोलिनात, काजळीतून कार्बनच्या नळ्या वेगळ्या करताना चमकणारे सूक्ष्म कण अवचित हाती लागले. तसे कण आता संत्र्याच्या साली, उसाची चिपाडं बंद भांड्यात पाण्यासह तापवून करतात. भुकटीला ते जोडले की दिसणारा प्रकाशही कामी येतो.

चंचुपात्रात रंग उडतो. ओढ्यात मात्र मीठ, साबण, गाळ सगळंच. शिवाय वापरलेली भुकटी परत गोळा करायची कशी? अम्मी उरलेलं बी धुऊन फडताळात ठेवायची.