‘डेडलॉक’ : कुलूप की पकड?

‘डेडलॉक’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘कोंडी’ हा पर्याय इतका रूढ झाला आहे की मूळ शब्दात बंद खोलीची प्रतिमा आहे की नाही, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. ‘लॉक’ म्हणजे कुलूप, या शाळेपासूनच्या समीकरणाने ती समजूत अधिकच दृढ केली. शब्दाचा इतिहास मात्र दुसरीकडे निर्देश करतो.

या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात दाखला रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनच्या ‘द क्रिटिक’ (१७७९) या प्रहसनात सापडतो. त्याच वर्षी स्पेन इंग्लंडविरुद्धच्या युद्धात उतरला होता आणि ऑगस्टमध्ये फ्रान्स व स्पेन यांचे संयुक्त आरमार प्लिमथसमोर येऊन ठाकले होते. प्रहसनातील पफ हा नाटककार एलिझाबेथकालीन स्पॅनिश आरमारावर शोकात्मिका रचतो आणि तिची तालीम डँगल व स्नीअर यांना दाखवतो. तिच्यातील एका प्रसंगी दोन पुतण्या (की भाच्या? इंग्रजी शब्दावरून नाते उलगडत नाही) व्हिस्करँडोस या प्रियकरावर खंजीर उगारतात, त्यांचे वडीलधारे आप्त त्यांचे हात धरून त्याच्यावर तलवारी रोखतात, तो दोन खंजीर काढून मुलींच्याच छातीला लावतो. या स्थितीला पफ मोठ्या अभिमानाने ‘डेड लॉक’ म्हणतो, कारण शस्त्र आधी खाली घेण्याची प्रत्येकालाच भीती आहे.

येथे दार नाही, भिंत नाही. ‘डेड’ म्हणजे ‘पूर्ण’. आणि ‘लॉक’चा मल्लविद्येतील ‘पकड’ हा अर्थ शेरिडनच्या आधीपासून प्रचलित होता. प्रसंगाशी जुळतो तो हाच अर्थ. अडकलेले सारे एकमेकांनीच अडकवलेले आहेत. या दृष्टीने मराठीतील ‘पेच’ हा शब्द अधिक जवळचा मानावा लागेल. फारसीतून आलेला, पीळ वा वळण असा मूळ अर्थ असलेला हा शब्द आखाड्यातील डावपेचांत आणि पतंगांच्या गुंतलेल्या दोऱ्यांतही नांदतो. दोन्हीकडे प्रतिपक्षावाचून पेच पडत नाही.

ही मंडळी मग कायमचीच अशी उभी राहतील, अशी शंका स्नीअर काढतो. पफकडे तोड तयार असते: राणीचा एक रक्षक येतो, तिच्या नावाने शस्त्रे टाकण्याची आज्ञा करतो आणि सर्वजण ती निमूटपणे टाकतात. ग्रीक रंगभूमीवर यंत्रातून अवतरणाऱ्या देवाचे हे शिपायाच्या वेशातील विडंबन आहे. शेरिडन स्वतः १७८० मध्ये पार्लमेंटात निवडून गेला. पुढे संसदीय व्यवहारात हा शब्द गंभीरपणे स्थिरावला, तेव्हा त्याच्यामागचे हसू विसरले गेले.

‘कोंडी’ या पर्यायाने आणखी एक गोष्ट पुसली. ‘चर्चेची कोंडी फुटली’ या परिचित वृत्तपत्रीय वाक्यात कोंडी आपोआप फुटते. हात प्रथम कोणी सैल केला, हे सांगणारा कर्ता त्या वाक्यात नसतो.