कानाकारियाची चित्रे आणि नोंदीचे मोल



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. ते आम्हांला इतिहास शिकवीत आणि दर दिवाळीच्या सुट्टीत एक चमत्कारिक गृहपाठ देत. आपापल्या गावच्या देवळात जायचे आणि तेथे जे दिसेल ते वहीत उतरवून आणायचे. समया किती, घंटा किती, घंटेवर अक्षरे असल्यास कोणती, खांबांवर कोणती नक्षी आहे, पालखीचा दांडा कशाचा आहे. आम्हां मुलांना हा गृहपाठ कंटाळवाणा वाटे. "देऊळ कुठे पळून जाणार आहे, सर?" असे एका धीट मुलाने एकदा विचारलेही. गुरुजी नुसते हसले. गोमंतकातल्या मुलाने हा प्रश्न विचारावा यातली गंमत त्या वयात आम्हांला कळली नाही. त्या हसण्याचा अर्थ मला पन्नासाहून अधिक वर्षांनी, भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर उमगला. तो कसा उमगला हेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

माझा एक भाचा सायप्रस बेटावरील लिमासोल येथे जहाज-व्यवस्थापनाच्या कचेरीत नोकरीस होता. जहाजांवर चाकरी करणाऱ्या गोवेकरांना हे बंदर अपरिचित नाही. त्याच्या आग्रहावरून 2019 साली मी तेथे गेलो आणि एका सकाळी आम्ही राजधानी निकोसिया पाहावयास निघालो. या शहराचा जुना भाग व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी सोळाव्या शतकात बांधलेल्या वर्तुळाकार तटात वसलेला आहे. तटाला अकरा बुरूज. आणि या वर्तुळाच्या मधोमध, पूर्वेकडून पश्चिमेकडे, एक विभाजनरेषा गेलेली आहे. बाजारातून चालता चालता रस्ता एकाएकी संपतो, पुढे वाळूची पोती आणि पिंपे रचलेली दिसतात. त्यापलीकडची घरे ओस पडलेली. 2003 पासून काही ठिकाणी पलीकडे जाण्यास वाट मिळाली आहे, परंतु रेषा पुसली गेलेली नाही.

या रेषेच्या दक्षिणेस, आर्चबिशपांच्या वाड्याच्या आवारात एक लहानसे बायझंटाईन संग्रहालय आहे. ते 1982 साली उघडले. आत शिरल्यावर बहुतेक जागा लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या संतचित्रांनी व्यापलेली दिसते. ती पाहत पाहत आम्ही मोझेक चित्रांपाशी आलो. मोझेक म्हटले की आपल्याला जुन्या घरांतल्या गुळगुळीत ठिपक्यांच्या फरश्या आठवतात. या शाळेच्या वर्गांतही त्या होत्या. ही चित्रे त्या शब्दाच्या मूळ अर्थाची. भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे थर द्यायचे, वरचा थर ओला आहे तोवर त्यात रंगीत दगडांचे आणि काचेचे बारीक चौकोनी खडे एकेक करून दाबून बसवायचे. सोनेरी खड्यांसाठी काचेवर सोन्याचा वर्ख ठेवून त्यावर पुन्हा काचेचे पातळ आवरण घालायचे. खडे एका पातळीत न ठेवता किंचित तिरपे बसवले, की दिव्याच्या ज्योतीबरोबर सारी भिंत लुकलुकते. चौदाशे-पंधराशे वर्षे टिकणारे रंग माणसाने अशा रीतीने शोधून काढले.

माझ्यासमोर होते ते असेच काही तुकडे. बालख्रिस्ताचा वरचा भाग, एक देवदूत आणि गोल चौकटींतील मॅथ्यू व जेम्स या शिष्यांची मुखे. प्रत्येक तुकडा जेमतेम दोन फुटी. डोळे मोठे, टपोरे. बालख्रिस्ताची मुद्रा मुळीच बालकाची नव्हे, जाणत्या माणसाची. एका गालावर चार-पाच छटांचे खडे असे जुळवलेले, की दूरून तो जिवंत वाटावा आणि जवळ जाताच त्याचे खड्यांत विसर्जन व्हावे. मी बराच वेळ मागेपुढे होत राहिलो. भाच्याने घड्याळ पाहिले, पण तो बोलला नाही. मग मात्र एक गोष्ट डोळ्यांना खुपू लागली. या तुकड्यांच्या कडा कोणा चित्रकाराने आखलेल्या नव्हत्या. ते एका मोठ्या चित्रातून तोडून काढलेले होते.

ते मोठे चित्र बेटाच्या ईशान्येस, कार्पास द्वीपकल्पातील लिथ्रांकोमी या खेड्यात होते. तेथे पनागिया कानाकारिया नावाचे चर्च आहे. पनागिया म्हणजे सर्वपवित्र, हे मेरीमातेचे ग्रीक नाव. वेदीमागच्या अर्धघुमटात, सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिंहासनावर बसलेली माता, तिच्या मांडीवर बाळ, दोन्ही बाजूंस देवदूत आणि कमानीच्या कडेने शिष्यांच्या मुखांची माळ असे चित्र कोणा अनाम कारागिरांनी घडवले. आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाईन साम्राज्यात मूर्तिभंजकांची चळवळ झाली आणि तीत अगणित धर्मचित्रे नष्ट झाली. सायप्रसचा कर त्या काळी बायझंटाईन सम्राट आणि अरब खलिफा यांच्यात वाटला जाई. साम्राज्याच्या अशा काठावर असल्यामुळे हे चित्र वाचले. त्या काळापूर्वीची अशी चित्रे साऱ्या ख्रिस्ती जगतात फार थोडी उरली आहेत. अरबांच्या स्वाऱ्यांत चर्चची पडझड झाली, ते पुन्हा पुन्हा बांधले गेले. खांब बदलले, छप्पर बदलले, परंतु प्रत्येक बांधणाऱ्याने तेवढा जुना अर्धघुमट नव्या इमारतीत सांभाळून घेतला. खेड्यातल्या गवंड्यांचा हा विवेक मला मोठा वाटतो. त्यांतील एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

चौदाशे वर्षे टिकलेले हे चित्र पाच-सहा वर्षांत फुटले. 1974 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तुर्की सैन्याने बेटाचा उत्तर भाग व्यापला. लिथ्रांकोमीतील काही ग्रीक कुटुंबे आणि त्यांचे धर्मगुरू 1976 पर्यंत गावात टिकून होते. मग त्यांनाही दक्षिणेकडे यावे लागले. चर्च ओस पडले. 1979 च्या नोव्हेंबरमध्ये सायप्रस सरकारला कळले, की अर्धघुमटातील मोझेक चित्र कोणीतरी भिंतीवरून उचकटून नेले आहे. चित्राचे तुकडे झाले आणि काही भाग कायमचा नाहीसा झाला.

पुढची नऊ वर्षे त्या तुकड्यांचा पत्ता नव्हता. 1988 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील एका कला-विक्रेतीने जिनिव्हा विमानतळाच्या करमुक्त गोदामात चार तुकडे पाहिले आणि 10 लाख 80 हजार डॉलरना ते विकत घेतले. विकणाऱ्याने सांगितले होते, की उत्तर सायप्रसमधील एका उजाड चर्चच्या ढिगाऱ्यात ते सापडले. काही महिन्यांतच कॅलिफोर्नियातील गेट्टी संग्रहालयापुढे प्रस्ताव गेला. आता किंमत होती 2 कोटी डॉलर. गेट्टीतील अभिरक्षिकेने चित्रे घेतली तर नाहीतच, उलट सायप्रसच्या पुरातत्त्व खात्याला कळवले. 1989 साली सायप्रसच्या चर्चने आणि सरकारने इंडियानापोलिसच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला.

खटल्यात दोन प्रश्न कळीचे होते. पहिला मालकीचा. चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी घेणाऱ्याकडे जात नाही, मग त्याने कितीही पैसे मोजलेले असोत, हे तत्त्व न्यायालयाने लावले. चित्रे व्याप्त प्रदेशातील चर्चमधून आली हे ठाऊक असूनही खरेदीपूर्वी पुरेशी चौकशी झाली नाही, हेही निकालात नोंदले गेले. दुसरा प्रश्न मुदतीचा. चोरी होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तेव्हा दाव्याची मुदत संपली, असा प्रतिवादीचा युक्तिवाद होता. यावर न्यायालयाने पाहिले ते हे, की मूळ मालक स्वस्थ बसला होता काय? सायप्रसने तर चोरीचे वृत्त कळताच युनेस्कोला, संग्रहालयांच्या जागतिक संघटनेला आणि विद्यापीठांतील तज्ज्ञांना कळवण्याचा सपाटा लावला होता. जो मालक शोधत राहतो, त्याची मुदत वस्तू कोणाजवळ आहे हे कळल्यावरच सुरू होते. 3 ऑगस्ट 1989 रोजी निकाल सायप्रसच्या बाजूने लागला, 1990 साली अपिलातही तो कायम राहिला आणि 1991 मध्ये चित्रे मायदेशी परतली.

मित्रहो, हे सारे शक्य झाले याचे एक कारण मला आपल्यापुढे आवर्जून मांडावयाचे आहे. चोरीच्या आधीच मेगॉ आणि हॉकिन्स या दोन अभ्यासकांनी कानाकारियाच्या चर्चचा बारकाईने अभ्यास केला होता. चित्रांची डागडुजी झाली, मोजमापे घेतली गेली, छायाचित्रे काढली गेली, कोठे कोणत्या रंगाचा खडा आहे, कोठला भाग जुना आणि कोठला दुरुस्तीचा, हे लिहून ठेवले गेले. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स या संस्थेने तो ग्रंथ 1977 साली प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, अभ्यासकांच्या डोळ्यांआड, ते चित्र भिंतीवरून उतरवले जात होते. या योगायोगात क्रौर्य आहे आणि दिलासाही आहे. चोराच्या हाती भिंत लागली, पण तिचे वर्णन आधीच छापखान्यात गेले होते. मॅथ्यूचा चेहरा कोणत्याही गोदामात नेला, तरी तो लिथ्रांकोमीचाच मॅथ्यू आहे हे सांगणारा साक्षीदार जगभरच्या ग्रंथालयांत उभा होता. विकणाऱ्याने 'ढिगाऱ्यातील सापडलेली वस्तू' म्हटले, तरी पुस्तकाने तिला तिचे गाव परत दिले. 2018 सालीही या चर्चमधील आणखी दोन शिष्यांची मुखे, अँड्र्यू आणि मार्क यांची, अशीच ओळखली जाऊन परत आली. चोरीला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही लार्नाकाजवळच्या किती या गावी गेलो. तेथील अंगेलोक्तिस्ती चर्चमध्ये, म्हणजे 'देवदूतांनी बांधलेल्या' चर्चमध्ये, त्याच शतकातील दुसरे मोझेक चित्र जागच्या जागी आहे. बाळाला हाती धरून उभी असलेली माता आणि दोन्ही बाजूंस मोरपिसांसारखे पंख असलेले देवदूत. मान वर करून पाहावे लागते, घुमटाच्या गोलाईमुळे आकृत्या आपल्याकडे झुकल्यासारख्या वाटतात. एक म्हातारी बाई आत आली, मेणबत्ती लावून निघून गेली. तिने चित्राकडे पाहिलेही नाही. पाहण्याची तिला आवश्यकता नव्हती. ते तेथे असणारच, हे ती धरून चालली होती. निकोसियाच्या संग्रहालयात काय हरवले आहे ते मला त्या क्षणी कळले. तेथे चित्रे सुरक्षित आहेत, परंतु त्यांना कोणी गृहीत धरत नाही.

आपण गोमंतकीय ही व्यथा परक्याची म्हणून ऐकू शकत नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दोन कथांत भेद आहेच. आपली दैवते भक्तांनी स्वतः रात्री-अपरात्री नदीपार नेली, लिथ्रांकोमीची चित्रे चोरांनी विकण्यासाठी नेली. आपल्या दैवतांना नवी देवळे, नव्या पालख्या, नवी पूजा लाभली. त्या चित्रांना दिवे आणि पाटी लाभली. परंतु गाव एकीकडे आणि गावाचे दैवत दुसरीकडे, ही स्थिती दोन्हीकडे सारखीच. देऊळ कुठे पळून जाणार, या प्रश्नावर गुरुजी का हसले होते, ते आता सांगावयास नको.

आणि हसून ते थांबले नाहीत, गृहपाठ तपासला. माझ्या वहीत मी एका घंटेवरची अक्षरे चुकीची उतरवली होती. त्यांनी मला पुन्हा देवळात पाठवले. तेव्हा राग आला होता. लंडनमध्ये पथूरच्या नटराजाचा खटला चालला, तामिळनाडूतील ती मूर्ती 1991 सालीच भारतात परत आली, हे पुढे वाचनात आले तेव्हा तो राग कृतज्ञतेत बदलला. मूर्ती कोणत्या देवळाची, हे सिद्ध करणे किती कठीण असते, हे त्या खटल्याने आपल्या देशाला शिकवले. आपल्याकडे किती देवळांतील मूर्तींची, किती घरांतील पोथ्यांची, किती चर्चमधील लाकडी कोरीव कामाची तपशीलवार नोंद आज आहे? नोंद नसलेली वस्तू चोरीस गेली, तर ती हरवली एवढेच आपण म्हणू शकतो. ती आपली होती, हे म्हणू शकत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने माझी शाळेला एकच विनंती आहे. गुरुजींचा तो दिवाळीचा गृहपाठ पुन्हा सुरू करावा. आजच्या मुलांच्या हाती छायाचित्राचे साधन आहे, त्यांचे काम आमच्याहून सोपे आहे. मात्र छायाचित्राबरोबर मोजमाप, ठिकाण, तारीख आणि अक्षरे वहीत उतरवून घ्यावीत आणि त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवाव्यात. माझ्या त्या जुन्या वहीचे काय झाले, हे मला सांगता येत नाही. घर बदलताना ती कोठे गेली, कोणास ठाऊक. इतिहास शिकवणाऱ्या गुरूंचा विद्यार्थी म्हणून ही कबुली देताना मला संकोच वाटतो. परंतु आज ज्यांच्या स्मृतीस आपण वंदन करीत आहोत, त्यांच्यापुढे काही लपवून ठेवणे बरे नव्हे.